पेन्सिलीच्या गावात

"आई, पेन्सिल तुटली, नवी दे!" शाळेत जाणारी मुले असलेल्या घरात हे वाक्य रोजचेच. आमचा नऊ वर्षांचा धाकटा तर अर्धी झालेली पेन्सिल सरळ केराच्या टोपलीत टाकायचा. रागावून उपयोग होत नव्हता. दिवाळीच्या सुटीत काश्मीरला जायचे ठरले तेव्हा ह्यांनी सुचवले, "त्याला ओखू दाखवू या."

ओखू हे पुलवामा जिल्ह्यातले गाव. श्रीनगरहून आगगाडीने निघालो. वाटेत पांपोरची केशराची जांभळी शेते लागली. काकापोरा स्थानकावर उतरलो, तर जिकडेतिकडे सरळसोट, पिवळी पडलेली पॉप्लरची झाडे.

आधी विचारून ठेवल्यामुळे एका छोट्या कारखान्यात प्रवेश मिळाला. आत ओल्या भुश्शाचा वास भरला होता. ओंडक्यांचे ठोकळे आणि ठोकळ्यांच्या पातळ पट्ट्या होत होत्या. गावातल्या बायका त्या निवडून उन्हात मनोऱ्यासारख्या रचत होत्या. इथल्या पट्ट्या १९५८ साली मुंबईत सुरू झालेल्या, 'नटराज' आणि 'अप्सरा' बनवणाऱ्या कंपनीकडे जातात, हे ऐकून मुलांचे डोळे मोठे झाले. ह्याच पेन्सिली त्यांच्या दप्तरात होत्या!

पुढची कृती कामगाराने हातानेच दाखवली. पट्टीवर खाचा पाडायच्या, त्यांत कांड्या ठेवायच्या, वर दुसरी पट्टी चिकटवून एकेक पेन्सिल कापायची.

"म्हणजे सँडविचच!" ताई म्हणाली.

गंमत म्हणजे आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसे मुळीच नसते. ग्राफाइट आणि चिकणमाती मिसळून भट्टीत भाजण्याची रीत १७९५ साली कोंते या फ्रेंच माणसाने काढली. माती जास्त तर पेन्सिल कठीण, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी.

धाकट्याने विचारले, "झाड तोडण्याजोगं व्हायला किती वर्षं लागतात?"

"दहा-पंधरा."

"म्हणजे माझ्यापेक्षा मोठं!" तो गप्पच झाला.

झाडांची चिंता गावालाही आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मादी पॉप्लरचा कापूस हवेत उडतो. त्याने आजार होतात, अशा तक्रारींवरून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ती झाडे तोडण्याचा आदेश दिला. खरे तर तो कापूस म्हणजे बी वाहून नेणारे तंतू. वावडे येते ते परागकणांचे. झाड पडायला एक दिवस पुरतो, वाढायला मात्र वर्षे लागतात. लाकूड संपले, तर त्या बायकांच्या हातचे कामही संपेल.

दुसऱ्या दिवशी श्रीनगरमध्ये अक्रोडाच्या लाकडावर कोरीवकाम करणारा कारागीर पाहिला. हत्याराला हात लावण्यापूर्वी त्याने पेन्सिलीने चिनारची पाने रेखून घेतली. परतीच्या गाडीत मग खेळच सुरू झाला : पेन्सिल कुणाकुणाला लागते? कानावर चपटी पेन्सिल खोचणारा सुतार. ती गोल नसते म्हणून घरंगळत नाही. बारीक, नेमक्या रेघेसाठी कठीण २एच वापरणारा आराखडाकार. छायेसाठी मऊ ६बी वापरणारा चित्रकार. पाण्याखाली टिपणे घेणारा पाणबुड्या. शाई तिथे चालत नाही, पेन्सिल चालते. ह्यांनी भर घातली, "आणि वाण्याची यादी करणारी तुमची आई!"

घरी आल्यावर एके दिवशी धाकट्याच्या कंपासपेटीत बोटाएवढा तुकडा दिसला. जुन्या बॉलपेनच्या टोपणात खोचून तो त्यानेच लांब केला होता.

"टाकत नाहीस?" मी विचारले.

"अजून लिहितेय ती," तो म्हणाला.

कसे जाल? : जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर थेट आगगाडी सुरू झाली आहे. श्रीनगर ते पुलवामा अंतर सुमारे ३० कि.मी. कारखाना पाहण्याची परवानगी आधी घ्यावी आणि तेव्हाच्या परिस्थितीची चौकशी करूनच निघावे.