पुट्टीचा पत्रा

माणसाला स्वतःचं घर कशासाठी हवं, याबद्दल माझं एक ठाम मत आहे. ऊन-पावसापासून बचाव भाड्याच्या घरातही होतो. झोप भाड्याच्या घरातही लागते. उलट कर्जाचे हप्ते नसल्यामुळे जास्तच गाढ लागते. स्वतःचं घर हवं ते भिंतीत खिळा मारण्यासाठी.

भाड्याच्या घरात खिळा मारणं हा गुन्हा असतो. वाशी, कोपरखैरणे, सानपाडा, नेरूळ अशी नवी मुंबईची प्रदक्षिणा आम्ही अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर पुरी केली. घरमालक निरनिराळे, पण शेवटची भेट सगळ्यांची एकसारखी. गृहस्थ चावी खिशात टाकतात, भिंतीकडे वळतात आणि मोजायला लागतात. मी बँकेत कॅश काउंटरवर बसतो, पण नोटा मोजताना मीसुद्धा इतका तल्लीन होत नाही. एकांनी तर अकरा भोकांचे दर भोकी शंभर रुपये डिपॉझिटमधून कापले. मी म्हटलं, "अहो, त्यातली चार आधीच्या भाडेकरूची आहेत." ते शांतपणे म्हणाले, "मग ओपनिंग बॅलन्स लिहून घ्यायचा होतात!" बी.कॉम. मी, आणि हिशेब शिकवला त्यांनी.

त्यानंतर आम्ही भोकं टूथपेस्टने बुजवायला लागलो. पांढरी भिंत, पांढरी टूथपेस्ट. ही युक्ती मुंबईतल्या प्रत्येक भाडेकरूला ठाऊक असते आणि ती आपल्यालाच सुचली असं प्रत्येकाला वाटत असतं. आमचे चिरंजीव मदतीला आले आणि एका भोकात त्यांनी आपली हिरवी जेल भरली, हा भाग सोडला तर काम छान झालं. मात्र पेस्ट वाळली की आक्रसते आणि भोक पुन्हा डोळा उघडतं. शिवाय सबंध घराला पुदिन्याचा वास. मालक आत आले, त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि मोजायला सुरुवात केली.

शेवटी खिळाच मारायचा नाही असं ठरलं. कॅलेंडर दाराच्या कडीला गेलं, घड्याळ टेबलावर आलं. प्रश्न राहिला बाबांच्या फोटोचा. तो फ्रीजवर भिंतीला टेकवून ठेवला. फ्रीजचं दार जरा जोरात लावलं की फोटो हलायचा आणि बाबा मान डोलवायचे. आई दूध काढता-काढता म्हणायची, "हो, कळलं, चहा ठेवतेय."

बाबांचं एक ऐकायला हवं. 1973 साली ठाण्याच्या खाडीवरचा पूल झाला, तेव्हा ते परळहून मुद्दाम बसने वाशी बघायला आले होते. इथे घर घ्यावं असा विचार होता. त्यांनी चिखल बघितला, डास बघितले आणि "इथं कोण मरायला राहणार?" असं म्हणून परतीची बस पकडली. पुढे जन्मभर ते भाड्याच्या घरात राहिले, त्यातली शेवटची बारा वर्षं वाशीतच. त्या एका बसच्या तिकिटाचा हिशेब आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

तर दोन वर्षांपूर्वी आम्ही खारघरला फ्लॅट घेतला. वीस वर्षांचं कर्ज. पण घर स्वतःचं! पहिल्याच रविवारी आईने हॉलमधली जागा बोटाने दाखवली आणि म्हणाली, "इथं. दार उघडलं की दिसले पाहिजेत." मी हातोडी उचलली. आयुष्यातला पहिला बिनपरवानगीचा खिळा! एरवी खिळा मारला की टक्-टक् आवाज येतो. इथे 'भप्प' असा आवाज आला आणि खिळा श्रीखंडात चमचा जावा तसा आत गेला. मला वाटलं, आपल्या मनगटात बरीच ताकद आहे. जरा शेजारी आणखी दोन मारून बघितले. तेही तसेच गेले.

रात्री दोन वाजता बाबा खाली आले. काच तडकली आणि जाताना त्यांनी भिंतीचा लिंबाएवढा तुकडा बरोबर नेला. भोकातून आत बघितलं, तर विटा नाहीत, सिमेंट नाही. नुसता अंधार. वीस वर्षांचं कर्ज काढून मी अंधार विकत घेतला होता.

हार्डवेअरवाल्या शेठनी खुलासा केला. आधीच्या मालकाने हॉलची एक खोली वाढवून घेतली होती, ती जिप्समच्या पाट्या लावून. दोन जाड कागद आणि मध्ये जिप्सम, असं सँडविच. अमेरिकेत ऑगस्टाइन सॅकेट नावाच्या माणसाने 1894 साली अशा भिंतीचं पेटंट घेतलं. तिकडे घरंच्या घरं अशी असतात आणि भोकं बुजवणं हा तिकडच्या नवऱ्यांचा रविवारचा उद्योग असतो म्हणे. मी म्हटलं, "रावळ प्लग द्या." हा रावळ कोणी गुजराती कारखानदार असावा असा माझा बरीच वर्षं समज होता. वास्तविक तो रॉलिंग्ज नावाचा इंग्रज. शेठ म्हणाले, "साहेब, प्लगला धरायला भिंत पाहिजे. आधी भोक बुजवा. लांबी हवी का?"

"किती फूट?" मी विचारलं.

दुकानातली पोरं हसली. लांबी म्हणजे पुट्टी, हे ज्ञान मला चाळिशीनंतर झालं. जाळीची टेप, जिप्समला चालणारी पुट्टी, पॉलिश पेपर आणि लाकडी मुठीचा, बोटांनी वाकवला तर वाकेल असा चार इंची पत्रा घेऊन मी घरी आलो.

मी पुट्टी कालवली आणि सगळी एकदमच भोकात कोंबली. सकाळी तिथे तळं सुकल्यासारख्या भेगा! आई मागे उभी होती. "दे इकडे," म्हणाली. तिचं माहेर कोकणात, मातीच्या भिंतींचं. दर वर्षी पावसानंतर भिंती लिंपायचं काम पोरींकडे असायचं. तिने भोकाच्या कडेचा लोंबता कागद कापला, वर जाळी चिकटवली आणि पत्रा जवळजवळ आडवा धरून पातळ हात फिरवला. "एकदम थापायचं नसतं. वाळलं की ते बसतं. मग पुन्हा पातळ. आणि भोकापुरतं नाही, चार बोटं पुढेपर्यंत ओढायचं, म्हणजे कड दिसत नाही." माझ्या बाकीच्या दोन खिळ्यांभोवती कागद फोडासारखा वर आला होता. तो तिने पत्र्याच्या मुठीने आत दाबला आणि त्या खळगीवरून एकेक पट्टी मारली. तीन दिवस, तीन हात, मग पॉलिश पेपर. चौथ्या दिवशी भोक कुठे होतं ते मलाच सापडेना. मी जन्मभर टूथपेस्ट भरत होतो आणि कारागीर घरातच होता.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत, आई?" आमच्या हिने विचारलं.

"भाड्याची भिंत होती ती," आई म्हणाली. "लिंपायची ती आपली."

मग आईने कलिंगड पारखावं तशी सबंध भिंत टकटक करून बघितली. अशा भिंतीत आत दर दोनेक फुटांवर पत्र्याची उभी पट्टी असते; तिथे आवाज भरीव येतो. त्या पट्टीत स्क्रू पिळला आणि नव्या काचेसह बाबा जागेवर गेले. दार उघडलं की समोर.

आता फ्रीजचं दार कितीही जोरात आपटलं तरी बाबा हलत नाहीत. काम पक्कं झालंय. फक्त आई दूध काढलं की एकदा मागे वळून हॉलकडे बघते, क्षणभर थांबते आणि मग आपणहूनच म्हणते, "चहा ठेवतेय हो."