एका ‘नाही’ची गोष्ट

बँकेच्या काउंटरवर बसून मी तीस वर्षं लोकांना “आज नाही, उद्या या” म्हणत आलो. निवृत्तीनंतर कुणीतरी ते व्याजासकट परत करणार, हे ठरलेलंच होतं. ते काम एका कॉम्प्युटरने केलं.

त्याचं असं झालं. आमचा पुतण्या डेबियन नावाच्या लिनक्सचा परमभक्त. १९९३ पासून जगभरची हौशी मंडळी हा संसार सांभाळताहेत, आणि आवृत्त्यांना नावं देतात ‘टॉय स्टोरी’ सिनेमातल्या पात्रांची! २०२५ च्या उन्हाळ्यात ‘ट्रिक्सी’ची, म्हणजे खेळण्यातल्या एका डायनासोरची, तयारी चालली होती.

“काका, तुमच्या जुन्या लॅपटॉपवर इन्स्टॉलर चालवून बघाल? तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही.”

मी फुललो. ‘तुमच्यासारखा’ म्हणजे ‘काहीही न कळणारा’, हा खुलासा नंतर झाला.

मार्चपासून ‘फ्रीझ’ लागला होता. फ्रीझ म्हणजे लग्नघर. आधी मोठे बेत बंद, मग नवे पाहुणे बंद, आणि शेवटी जिलबीचा वेढा बदलायचा तरी वडीलधाऱ्यांची परवानगी. त्यातून इन्स्टॉलरचं दुखणं निराळंच. कर्नल हा नवरदेव. तो जरा बदलला की त्याच्या मापाने शिवलेली मॉड्यूल्स बसेनाशी होतात. मग इन्स्टॉलर पुन्हा बांधा, पुन्हा तपासा. तपासायला मी!

अकरा वेळा मी ट्रिक्सी बसवली. दर वेळी अहवाल भरायचा. पायरीपुढे ‘ओ’ म्हणजे ठीक, ‘ई’ म्हणजे घोटाळा, कोरं म्हणजे करून पाहिलं नाही. तीस वर्षं फॉर्म तपासले, आता भरत होतो.

अकराव्या खेपेला मी एक मौलिक सूचना केली. डिस्क पुसण्याआधी इन्स्टॉलर विचारतो, ‘बदल डिस्कवर लिहू का?’ आणि आधीच खूण कशावर? ‘नाही’वर! दर वेळी ती ‘होय’वर न्यायची. म्हटलं, “होयच ठेवा की. एक बटण वाचेल.”

“काका, फ्रीझ आहे.”

“मग फ्रीझ उठल्यावर.”

“तेव्हाही नाही.”

मला राग आला. वास्तविक ही भाषा माझी!

बारावी खेप रात्री बारानंतर. डोळे मिटत होते, बोट एन्टरवर आपटत होतं. एन्टर, एन्टर, एन्टर... आणि इन्स्टॉलर मुकाट्याने मागे फिरला. मी चरफडत चष्मा लावला आणि निवडलेल्या डिस्कचं नाव वाचलं. ती लॅपटॉपची नव्हतीच. सौ.ने सकाळी लावलेली बाहेरची डिस्क तशीच राहिली होती. तिच्यात माझ्या आईच्या आवाजातली भूपाळी आहे. मूळ कॅसेट केव्हाच बुरशीने गेली.

मी डिस्क काढून कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. तेवढ्यात सौ. उठून आली.

“काय झालं हो?”

“काही नाही,” मी म्हटलं. आणि खरोखरच काही झालं नव्हतं. कुणीतरी, कुठेतरी, माझ्यासारख्या झोपाळू माणसासाठी एक ‘नाही’ लिहून ठेवला होता, आणि पुढच्यांनी सुधारणांचा मोह आवरून तो तसाच जपला होता.

९ ऑगस्ट २०२५ ला ट्रिक्सी बाहेर पडली. माझी सूचना तिच्यात नाही. अहवालात त्या पायरीपुढे मी मोठा ‘ओ’ काढला. थोडा वेडावाकडा आला. हात अजून थरथरत होता.