सुंदरीच्या बाजूने

फर्दापूरला उतरून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणारे बहुतेक जण पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चित्राच्या ओढीने आलेले असतात. मला ओढ सोळाव्याची. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलेल्या या लेण्याच्या भिंतीवर सुंदरी आहे. नवरा नंद भिक्षू झाला, त्याचा मुकुट तेवढा घरी परत आला, आणि तो पाहताच ही कोसळली. मान कललेली, डोळे मिटत आलेले, मागून एक दासी सावरते आहे. ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून लोक तिला ओळखतात. अश्वघोषाने ‘सौंदरनंद’ काव्यात तिच्या विलापाला एक सर्ग दिला. मग कथा नंदाबरोबर मुक्तीच्या वाटेला लागली. घरी उरलेल्या बाईपाशी ती फार वेळ रेंगाळली नाही.

अशा उरलेल्या बायांना बोलतं केलं ते हिल्डा डूलिटल या अमेरिकन कवयित्रीने (१८८६–१९६१). १९१३ मध्ये ‘पोएट्री’ मासिकात तिच्या कविता आल्या त्या ‘एच. डी., इमॅजिस्ट’ या सहीने, आणि ती सही एझरा पाउंडने ठरवलेली. ओळी आखूड, टाकीने घडवल्यासारख्या. शोभेचा शब्द नाही. १९१७च्या ‘युरिडिसी’ कवितेत पाताळात राहिलेली बायको बोलते. ग्रीक कथेत तिला आणायला गेलेल्या नवऱ्याने, ऑर्फियसने, मागे वळून पाहिलं आणि ती कायमची गेली. तो गाणारा, म्हणून जगाने शतकानुशतकं त्याचंच दुःख ऐकलं. इथे ती संतापून त्याला जाब विचारते. आणि शेवटी त्या अंधारातही स्वतःचा उजेड आपल्यापाशी आहे, असं ठणकावते. ही कविता वाचली की सुंदरी मला वेगळी दिसते.

फर्दापूरहून जळगावच्या रस्त्याला लागलं की पहूर येतं. अशाच मागे उरलेल्या बायांची कविता मराठीत लिहिणाऱ्या अनुराधा पाटील यांचा जन्म तिथला, १९५३चा. ‘दिगंत’पासून मोजकेच संग्रह, त्यातल्या ‘कदाचित अजूनही’ला २०१९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कवितेतल्या बाया पुराणातल्या राण्या नव्हेत. आपल्याच गावातल्या, सासर-माहेर दोन्हीकडे परक्या राहिलेल्या. युरिडिसीचा संताप उघडा आहे; पाटलांच्या कवितेत दुःख उन्हाळ्यातल्या वाघूर नदीसारखं वाळूखालून वाहतं, उकरलं की हाताला लागतं. या कवितेला नुसती हळवी म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. हुंदका गिळून ओळ नेमक्या शब्दावर थांबवायला छाती लागते.

लेण्यांच्या वाटेवर रंगीत दगड आणि चित्रांची पुस्तकं विकणारी दुकानं आहेत. तिथल्या एखाद्या फळीवर ‘कदाचित अजूनही’ असावं, असं मला फार वाटतं. सोळावं लेणं पाहून आलेल्या मराठी माणसाला सुंदरीची पुढची हकिकत तिथेच वाचायला मिळेल.