शकुंतला कुणाची?

बार्शीटाकळीहून अंजनगाव सुर्जीला जायचं तर आज सोपा रस्ता म्हणजे अकोल्याला जा आणि तिथून अकोट किंवा दर्यापूरमार्गे एसटी पकडा. पण मागच्या डिसेंबरात मामेभावाच्या मुलीच्या निकाहला निघालो तेव्हा अम्मींनी हट्टच धरला, "मूर्तिजापूरवरून जाऊ. आपल्या रस्त्यानं."

आपला रस्ता म्हणजे शकुंतलेचा रस्ता. मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूरला आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळला जाणारी ती छोटी गाडी बंद पडली आहे, हे अम्मींना माहीत होतं. तरी स्टेशन पाहायचंच होतं. त्यांचं माहेर अंजनगाव. लग्न होऊन त्या बार्शीटाकळीला आल्या त्या याच गाडीनं, आणि आम्हा भावंडांना घेऊन दर उन्हाळ्यात माहेरी गेल्या त्याही याच गाडीनं.

तो प्रवास मुलांना सांगितला तर त्यांना खरा वाटत नाही. बार्शीटाकळीला तेव्हा मीटरगेज होती. रुळांमध्ये बरोबर एक मीटर अंतर. जयपूरकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच लाईनवरून धावायची. आम्ही पॅसेंजरनं अकोल्याला उतरायचो. तिथून मुंबई-हावडा मार्गाची मोठी लाईन, १६७६ मिलिमीटर, मूर्तिजापूरपर्यंत. आणि मूर्तिजापूरला पलीकडच्या फलाटावर शकुंतला, ७६२ मिलिमीटर. नानीच्या दारापर्यंत तीन मापांचे रूळ! मापनाचा धडा शिकवताना मी अजूनही हेच उदाहरण देते.

शकुंतलेत बसलं की घाई संपायची. ताशी वीसेक किलोमीटर. अब्बा बार्शीटाकळीहून पाण्याची सुरई भरून घ्यायचे, कारण पुढे सगळा खारपाणपट्टा. अम्मींच्या तोशाच्या डब्यात रोट्या आणि कैरीचं लोणचं. गाडीतली रेल्वेची माणसं मोजकी. गार्डच तिकीट फाडायचा. रस्ता आडवा आला की गाडी थांबायची, एक माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की फाटक उघडून पुन्हा चढायचा. तेवढ्यात पोरं खाली उतरून बोरं वेचून यायची. लाखपुरी, दर्यापूर, मग अंजनगाव. स्टेशनावर मामू उभे असायचे, हातात पानमळ्यातली ताजी पानं. दूधवाले, भाजीवाल्या, बाजाराला निघालेले मजूर, सगळे त्याच डब्यात. ज्यांना एसटीचं तिकीट परवडत नव्हतं त्यांची ती गाडी होती.

इंजिन वाफेचं होतं. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेलं ते इंजिन सत्तर वर्षांहून जास्त राबलं आणि १५ एप्रिल १९९४ ला त्याच्या जागी डिझेल आलं. मी तेव्हा शाळेत होते. काळा धूर गेला म्हणून अम्मी खूश झाल्या, पोरं हिरमुसली.

या वेळी मूर्तिजापूरला उतरलो तर मोठ्या लाईनच्या फलाटावर उद्घोषणा, गर्दी, चहा, सगळं नेहमीसारखं. पलीकडे छोट्या लाईनच्या बाजूला बाभळी उगवलेल्या. रूळ गवतात जातात आणि दिसेनासे होतात. एक म्हातारे गृहस्थ शेळ्या चारत होते. अम्मींनी त्यांना विचारलं, "भाऊ, गाडी केव्हापासून बंद?" ते म्हणाले, "गाडी तं गेली, बाई. आता रूळ कवा जातेत ते पाहाचं." अम्मी बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. मग पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "ही मोडली कोणी?"

या प्रश्नाचं उत्तर मला तिथे देता आलं नाही. घरी आल्यावर कागद चाळले आणि जे समजलं ते मांडते.

१९०२ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्यानं दिला. वर्षाला २५ लाख रुपये. म्हणजे आपला मुलूखच भाड्यानं गेलेला. दुसऱ्या वर्षी, १९०३ मध्ये, इथल्या छोट्या लाईनची सुरुवात झाली. हेतू उघड होता. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाईनवर आणायचा, मुंबईला न्यायचा आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांना पाठवायचा. मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीनं त्यासाठी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. रूळ, पूल, जमीन कंपनीची. गाड्या चालवायच्या जीआयपी रेल्वेनं, आणि त्याबद्दल कंपनीला मोबदला द्यायचा. तसा करार १९१३ साली झाला.

पुढे जीआयपी सरकारच्या ताब्यात आली, स्वातंत्र्य मिळालं, १९५१ साली मध्य रेल्वे तयार झाली. ही छोटी लाईन मात्र राष्ट्रीयीकरणातून सुटली. करार चालू राहिला. दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतो, "भारतातली ही एक रेल्वे अजून इंग्रजांच्या ताब्यात आहे!" तसं नाही. ती पेढी पुढे भारतीय हातांत आली. पण मूळ गोष्ट खरी आहे. रूळ खासगी कंपनीचे आणि गाडी सरकारची.

घोळ इथेच झाला. दुसऱ्याच्या मालकीच्या रुळांवर सरकारनं कोट्यवधी रुपये का घालावेत? आणि जिच्या तिकिटाचा गल्ला आपल्या हातात नाही, त्या गाडीसाठी कंपनीनं तरी का घालावेत? दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बिनचूक. मधल्या मध्ये स्लीपर कुजत गेले, वेग कमी होत गेला, फेऱ्या घटल्या आणि शेवटी एकेक करून दोन्ही मार्ग बंद पडले. २०१६ साली तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात ही लाईन ब्रॉडगेज करण्यासाठी सुमारे १५०० कोटींची घोषणा झाली होती. अचलपूरपासून यवतमाळपर्यंत लोकांनी आंदोलनं केली, निवेदनं दिली. यवतमाळला निदान वर्धा-नांदेड या नव्या लाईनची आशा आहे. अंजनगाव, दर्यापूरला तीही नाही.

हेच मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत सांगितलं आणि वाद पेटला. आमचे गणिताचे सर म्हणाले, "सगळं खासगी करून टाका, मॅडम. सरकारी कामाला मालक नसतो." मी म्हटलं, सर, शकुंतलेला तर मालक होता! उर्दूच्या आपा लगेच म्हणाल्या, "म्हणूनच बुडाली. सरकारची असती तर वाचली असती." मग मी त्यांना आमचीच बार्शीटाकळीची लाईन दाखवली. ती सरकारची होती. मीटरगेजची २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली, पूर्णेपर्यंत गाड्या सुरू झाल्या. पण त्याच लाईनचा खंडव्याकडचा तुकडा वर्षानुवर्षं रखडला. मेळघाटातून न्यायची की बाहेरून, यावर वाद. अकोला ते अकोट गाडी सुरू व्हायला २०२२ उजाडलं. म्हणजे नुसतं सरकारी असूनही भागत नाही.

इंग्रजांनी स्वतःच्या घरी काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. १९९०च्या दशकात त्यांनी आपली सगळी रेल्वे खासगी केली आणि तिचे तुकडे पाडले. रूळ रेलट्रॅक नावाच्या कंपनीकडे, गाड्या निरनिराळ्या कंपन्यांकडे, दुरुस्ती तिसऱ्याच ठेकेदारांकडे. १७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनजवळ हॅटफिल्ड इथे वेगात असलेल्या गाडीखाली रुळाचे तुकडे झाले आणि चार माणसं गेली. रुळाला तडे पडत आहेत हे आधीच कळलेलं होतं, तो बदलायचं ठरलेलंही होतं. बदलला मात्र गेला नाही. वर्षभरात रेलट्रॅक कोलमडली आणि २००२ मध्ये रूळ नेटवर्क रेल या नफा न वाटणाऱ्या कंपनीकडे गेले. ज्या देशानं आपल्याला इंजिन पाठवलं, तिथेही 'रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची' हे गणित सुटलं नाही.

आपल्याकडे वक्फच्या जागेला मुतवल्ली असतो. जागा अल्लाहच्या नावावर, पण छत गळलं तर मोहल्ला कुणाच्या दारात जाईल हे ठरलेलं असतं. (सगळे मुतवल्ली काम नीट करतात का, हा वेगळ्या लेखाचा विषय.) शकुंतलेला असं दारच नव्हतं. मला वाटतं, 'सरकारी की खासगी' याच्या आधी विचारायला हवं की स्लीपर कुजला तर कुणाला धरायचं, त्याच्याकडे पैसा आहे का, आणि नाही केलं तर त्याचं काय नुकसान होतं. जुलै २०२० मध्ये रेल्वेनं १०९ मार्गांवर १५१ गाड्या खासगी कंपन्यांना चालवायला देण्याचा प्रस्ताव काढला, तो फारसा पुढे गेला नाही. पण कंपनी आली तरी ती तिकीट जिथे महाग विकलं जातं तिथे येणार. कपाशी वेचून परतणाऱ्या बाया बसतात त्या गाडीसाठी कोण बोली लावेल?

सरकारनं मनावर घेतलं की होतं, हेही त्याच प्रवासात दिसलं. मूर्तिजापूरहून आम्ही शेवटी एसटीनंच गेलो. अम्मींना पंचाहत्तर पूर्ण झाली आहेत, त्यांना एसटी मोफत. मला बाईमाणूस म्हणून अर्धं तिकीट. अब्बा असते तर म्हणाले असते, शकुंतलेपेक्षा स्वस्त पडलं! पण बस भरलेली होती, दर्यापूरपर्यंत मी उभी होते, आणि आमच्या पुढची भाजीची टोपली घेऊन आलेली म्हातारी चढूच शकली नाही. कंडक्टर तरी काय करणार? टोपली ठेवायला जागा नव्हती. शकुंतलेच्या डब्यात बकरीसुद्धा बसायची.

सुट्टीनंतर आठवीला पत्रलेखन शिकवायचं होतं. सुर्जी-अंजनगावचा १८०३चा तह इतिहासाच्या तासाला झालाच होता, म्हणून विषय तोच दिला, 'अंजनगावची रेल्वे सुरू करण्याबाबत संबंधितांना विनंतीपत्र'. मुलांनी मन लावून लिहिलं. एका मुलीनं लिहिलं की तिची खाला अचलपूरला असते आणि दोन बस बदलाव्या लागतात म्हणून ईदला येत नाही. सगळ्यात चांगलं पत्र निवडून आम्ही एका कार्यालयाला पाठवलं. महिन्यानं उत्तर आलं, पत्र पुढील कार्यवाहीसाठी दुसऱ्या विभागाकडे वर्ग केलं आहे. मुलं खूश झाली, पहिल्यांदाच त्यांच्या नावानं सरकारी लिफाफा आला होता. ज्या मुलीचं पत्र होतं तिनं तो नीट घडी करून दप्तरात ठेवला आणि विचारलं, "टीचर, रूळ कंपनीचे आहेत ना? मग दुसरं पत्र त्यांनाच पाठवायचं का?" मी हो म्हटलं. पत्र लिहून तयार आहे. पत्ता शोधायचं काम वर्गानं माझ्यावर सोपवलंय.