ओने आय



वाळवणाचे दिवस आहेत. गच्चीवर मूगवड्या घातल्या आहेत आणि दर अर्ध्या तासाने वर जाऊन कावळे हाकलावे लागतात. त्यामुळे आजचे लिखाण तुकड्यातुकड्यांत झाले आहे, सांभाळून घ्या.

मागच्या रविवारी अकोल्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, तुह्या भाचीले समजाव. पोट्टी नोकरी सोडतो म्हन्ते. घराचा हप्ता कोन भरन?" मागून भाचीने फोन ओढून घेतला. "आत्या, तू दोन्हीई करून पायलं. मोबाइलवर शिकू का नोकरी सोडून पुन्याले जाऊ, येवढं सांग."

भाची नर्स आहे. बी.एस्सी. नर्सिंग झाले, अकोल्यातल्या एका दवाखान्यात रात्रपाळी करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी करार झाला. दहा हजार कुशल माणसे तिकडे पाठवायची, त्यात नर्स आल्याच. तेव्हापासून तिच्या डोक्यात जर्मनी आहे. तिकडे पूर्ण नर्स म्हणून मान्यता हवी तर भाषेची बी-टू पातळी लागते. पातळ्या एकूण सहा: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. म्हणजे चौथी पायरी. एक रस्ता असा की नोकरी ठेवायची आणि फोनवरच्या ॲपने जमेल तसे शिकायचे. दुसरा असा की नोकरी सोडून पुण्याला राहायचे आणि दिवसभर वर्गात जर्मनशिवाय काही बोलायचे नाही. पगार बंद आणि फी, राहणे, जेवण वेगळे. भावाचे दुकान कसे चालते ते मला ठाऊक आहे, त्यामुळे मी लगेच "जा" म्हणू शकले नाही.

मला विचारण्याचे कारण माझा मुलगा. तो श्टुटगार्टजवळच्या एका गावात असतो, सूनबाई तिथलीच. नात चार वर्षांची. व्हिडिओवर ती मला खूप काही सांगायची आणि मी नुसती हसायची. मुलगा कामावरून आलेला असला तर अर्थ सांगायचा, नसला तर नाही. स्वतःच्या नातीशी बोलायला दुभाषा लागावा, हे मनाला फार लागते हो. म्हणून छप्पन्नाव्या वर्षी मी ॲप घेतले. सकाळची सामायिक झाली की पंधरा मिनिटे.

ॲपला मी वाईट म्हणणार नाही. डोक्यावर दोन टिंबे असलेली अक्षरे मला त्यानेच ओळखवली. शंभर वेळा चुकले तरी ते वैतागत नाही, शेजारी हसत नाहीत. पण ते इंग्रजीतून शिकवते आणि तिथेच आपली वाट चुकते. जर्मन नावांना तीन लिंगे आहेत. हे शिकवताना ॲप असे बोलते की जणू मोठे संकट कोसळले. अहो, आपल्याकडे तो, ती, ते आहेच की! मूल नपुंसकलिंगी, तिकडेही आणि इकडेही. मुलीला तिकडे नपुंसकलिंगी शब्द आहे म्हणून इंग्रजी माणूस चकित होतो. आपण लाडक्या मुलीला 'गोड पोरगं' म्हणतोच. सूर्य मात्र तिकडे बाई आणि चंद्र पुरुष, ते मला अजून पचलेले नाही. आकड्यांचेही तसेच. एकवीस म्हणताना ते आधी एक म्हणतात, मग वीस. अगदी आपल्यासारखे. 'कारण' लावून वाक्य केले की क्रियापद शेवटी जाते, तेही आपलेच. हे मला ॲपने सांगितले नाही, भाकरी थापताना माझे मलाच सुचले. आणि तू-आपण हा भेद. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे मी तो धड शिकलेच नाही आणि पुढे मुलाच्या ऐंशी वर्षांच्या शेजारीआजोबांना सरळ अरे-तुरे केले.

त्या ॲपमध्ये सलग किती दिवस अभ्यास केला त्याचा आकडा दिसतो. माझा १३७ झाला होता. मग दशलक्षण पर्व आले. दहा दिवस मोबाइलचा त्याग, हा माझा दरवर्षीचा नियम. अकराव्या दिवशी उघडले तर आकडा शून्य. मला वाईट वाटले. आणि पर्व संपवून उठलेल्या बाईला त्याचे वाईट वाटावे, याचे आणखी वाईट वाटले.

पुढच्या मे महिन्यात गेले. त्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. मुलाकडे पोचून चार दिवस झाले आणि रविवारी विहीणबाईंनी जेवायला बोलावले. त्यांनी पांढऱ्या सॉसमध्ये लहान लहान शेवयांसारखे काहीतरी केले होते. त्याला श्पेट्स्ले म्हणतात. त्या भांड्याकडे बोट दाखवून माझ्याशी काही बोलल्या. मी सगळे समजल्यासारखी "या, या" म्हणाले. या म्हणजे हो. त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा "या". मुलगा तेव्हा बाहेर गाडी लावत होता. मी जेवले, चव छान लागली, दोनदा घेतले.

रात्री मुलाने सहज विचारले, "आई, तू श्पेट्स्ले खाल्लेस?" त्यात अंडे असते. विहीणबाई मला दोनदा तेच सांगत होत्या, की यात थोडे अंडे आहे, तुम्हाला चालते का. अंड्याला तिकडे 'आय' म्हणतात. ॲपमध्ये तो शब्द मी चित्रासकट शंभर वेळा बरोबर ओळखला होता. पण चित्र नव्हते, बोलणे भराभर होते, आणि मला न समजल्याचे कबूल करायची लाज वाटली. खोटे बोलल्यासारखेच झाले की नाही ते? छप्पन्न वर्षांत जे तोंडात गेले नव्हते ते एका "या"ने गेले.

रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी उपवास केला, णमोकाराचा जप केला. (परत आल्यावर माताजींना सगळे सांगून प्रायश्चित्त घेतले. ते काय ते इथे लिहीत नाही.) विहीणबाईंना कळू नये असे मला वाटत होते, पण मुलाने सांगून टाकले. सोमवारी सकाळी आठ वाजता त्या दारात. डोळे लाल. हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी बिस्किटांची, ब्रेडची, नूडल्सची पाकिटे काढून टेबलावर मांडली आणि माझे बोट धरून एकेका पाकिटावर फिरवले. युरोपात अंडे, दूध, शेंगदाणे असे चौदा पदार्थ घटकांच्या यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात, बहुधा ठळक अक्षरांत. आय कुठे, मिल्ख कुठे, हे त्यांनी मला तासभर दाखवले. मग एक शब्द शिकवला: 'ओने'. म्हणजे शिवाय, विना. ओने आय. अंड्याशिवाय.

मैत्रिणींनो, जर्मनमधला माझ्या मालकीचा पहिला शब्द हा. त्यावर माझा सगळा आहार उभा राहिला. ओने त्स्वीबेल, कांद्याशिवाय. ओने क्नोब्लाउख, लसणाशिवाय. ओने कार्टोफेल म्हटल्यावर मात्र त्या खुर्चीत बसल्या. बटाटा नाही तर माणूस जगते कसे! मग मी त्यांना डाळ, ढोकळे, ज्वारीची भाकरी करून दाखवली. त्यांनी रव्याचे, म्हणजे ग्रीसचे, अंड्याविना श्पेट्स्ले तीनदा बिघडवले आणि चौथ्यांदा जमवले. सूर्यास्ताआधी जेवायचा माझा नियम तर तिकडे जूनमध्ये फारच सोपा. साडेनऊला सूर्य मावळतो, आमचे जेवण सातला व्हायचे.

त्या ओट्याजवळच मी बोलायला लागले. एक गंमत अशी की तिथली बोली ॲपची नाहीच. श्वाबिश म्हणतात तिला. 'नाही'ला ॲपमध्ये निश्त, विहीणबाई म्हणतात 'नेट'. आणि लहान, लाडकी वस्तू असली की शेवटी 'ले' लावायचे. घराचे हॉइसले, मुलीचे मेडले. आपल्या वऱ्हाडात मले, तुले, कायले! नातीला तर इतकी गंमत वाटली की ती दिवसभर "मले पानी, मले पानी" करत घरभर फिरायची. कोणी पुण्याचे पुस्तकी मराठी शिकून अकोल्याच्या मोर्णाकाठी उतरावे तशी माझी गत झाली होती, फक्त मला हात धरणारी विहीण होती. अमरावती कुठे, असे त्यांनी विचारले तेव्हा मी ऐटीत सांगितले की १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकला आमच्या गावच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक देशी खेळ दाखवायला गेले होते. हे वाक्य रचायला मला पाऊण तास लागला.

नव्वद दिवसांनी मी काही पंडित झाले नाही. नातीशी मात्र भांडता येऊ लागले. त्याहून जास्त मला काही नको होते.

परत आल्यावर वाटायचे की भाषा माणसांतच शिकावी, बाकी सगळे व्यर्थ. पण आपल्याच धर्मात पाहिले तर तसे ठाम म्हणवत नाही. हेर्मान याकोबी या जर्मन पंडितांनी १८८४ मध्ये आचारांग आणि कल्पसूत्राचे इंग्रजी भाषांतर छापले. १८८६ मध्ये त्यांनी महाराष्ट्री प्राकृतातल्या निवडक कथांचे पुस्तक काढले, व्याकरण आणि शब्दकोशासह, शिकणाऱ्यांसाठी. आपल्या मराठीच्या आजीची भाषा जर्मनीतली मुले त्यावरून शिकली. ती बोलणारे माणूस तर जगात कुठेच उरले नव्हते. राहणार कोणाकडे जाऊन? आमच्या अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्रा. हिरालाल जैन यांचेही तसेच. त्यांनी कारंज्याच्या भांडारातल्या पोथ्यांवरून अपभ्रंश ग्रंथ संपादित केले आणि १९३९ पासून धवला टीकेसह षट्खंडागम इथूनच छापायला घेतले. सोळा खंड. तेही कागदावरूनच. उलट शार्लोटे क्राउझे बाई. लाइपझिगला शिकलेल्या, १९२५च्या सुमारास भारतात आल्या, जैन साधूंच्या सहवासात राहिल्या, सुभद्रादेवी झाल्या, गुजराती आणि हिंदीत लिहू लागल्या आणि १९८० मध्ये ग्वाल्हेरला वारल्या. परत गेल्या नाहीत. ज्याला वाचायचे आहे त्याचा रस्ता वेगळा आणि ज्याला तिथे जगायचे आहे त्याचा वेगळा, असे मला वाटते. भाचीला जगायचे आहे, आणि तेही आजारी माणसांत.

म्हणून मी तिला विचारले, "मेळघाटात तुझी पोस्टिंग होती तेव्हा कोरकू कशी शिकलीस?" ती हसली. धारणीकडच्या गावांत पाण्याला डा, जेवण्याला जोम, हे तिने बायांच्या खाटेशी बसून उचलले होते. कुठले ॲप होते तिथे? दुखणेकरी माणूस पुस्तकातले बोलत नाही. आपल्याकडची म्हातारी "जीव घाबरा होते", "पोटात कालवते" म्हणते. तिकडची म्हातारीही तसेच काहीतरी म्हणेल, श्वाबिशमध्ये, दात काढून ठेवलेले असताना. तिथे भाचीने माझ्यासारखे "या, या" म्हटले तर उपवास करून भागणार नाही. औषध चुकेल.

हे मी भावालाही सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पटते ताई, पन हप्ता?"

हप्त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. थोडे पैसे मी देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. सध्या ठरले ते असे: दिवाळीपर्यंत नोकरी सोडायची नाही. ॲपवर रोज अर्धा तास, शब्द आणि लिंगे पाठ करायला, ए-वनची परीक्षा तेवढ्यावर द्यायची. दिवाळीनंतर बचत पाहून पुणे. दशलक्षणात ॲप बंद राहील आणि आकडा शून्य होईल, त्याची तिने आधीच तयारी ठेवली आहे. आणि दर रविवारी विहीणबाईंशी व्हिडिओवर अर्धा तास. ही माझी अट. विहीणबाईंना मी संदेश लिहिला, तर पाच मिनिटांत उत्तर: येत्या रविवारपासूनच सुरू.

काल पहिला रविवार झाला. विहीणबाई सोफ्यावर आडव्या होऊन कण्हत होत्या, रोगी झाल्या होत्या. भाची अकोल्याच्या खोलीत रात्रपाळीचे डोळे चोळत विचारत होती, कुठे दुखते, कधीपासून दुखते. एक लांबलचक उत्तर आले. भाचीने तोंड उघडले, मिटले, आणि मग स्पष्ट म्हणाली, "मला समजले नाही, पुन्हा सांगा." फक्त 'नाही'ला ती 'नेट' म्हणाली. परीक्षेत हे चालणार नाही म्हणून सूनबाई मागून ओरडली, विहीणबाई उठून टाळ्या वाजवायला लागल्या आणि नात मध्येच घुसून "मले पानी" म्हणाली.

गच्चीवर पुन्हा कावळा आला आहे वाटते. जाते.