ओमाहाची वाळू

“बाबा, पॅरिसपर्यंत जाताच आहात, तर ओमाहा पाहिल्याशिवाय परतू नका,” असे आमच्या धाकट्याने निघताना बजावले होते. तो आपल्या नौदलात आहे. लढाऊ जहाजावर तोफांचे काम पाहतो. सौभाग्यवतींना खरे म्हणजे पॅरिसची दुकाने सोडवत नव्हती. पण लेकाचा शब्द! आगगाडीने बायो गाठले आणि तिथून टॅक्सीने नॉर्मंडीचा किनारा.

ओहोटी होती. हर्णैच्या पुळणीची आठवण व्हावी अशी लांबरुंद वाळू आणि पाठीशी शंभर-दीडशे फूट उंचीची हिरवी टेकाडे. वर कोलव्हिलच्या दफनभूमीत नऊ हजारांहून अधिक कबरी. नॉर्मंडीच्या साऱ्या मोहिमेत पडलेले अमेरिकन सैनिक तिथे निजले आहेत; पण ६ जून १९४४ या एका दिवशी एकट्या ओमाहावर दोन हजारांहून अधिक जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले.

“एवढ्या मोठ्या तोफांची जहाजं होती ना? मग ही पोरं मेली कशी?” सौभाग्यवतींनी विचारले.

उत्तर व्हिएरव्हिलला सापडले. तिथे जर्मनांचे काँक्रीटचे तोफघर अजून उभे आहे. समुद्राकडे नुसती जाड भिंत. तोफेचे तोंड बाजूला, वाळूवर आडवा मारा करणारे. दूरच्या जहाजाला ते दिसावे कसे? पहाटे ‘टेक्सास’ आणि ‘आर्कान्सा’ या प्रचंड युद्धनौकांनी भडिमार केला, पण जेमतेम अर्धा-पाऊण तास. शत्रू गाफील सापडावा म्हणून वेळ कमी ठेवलेला. धुराधुळीने किनारा झाकला. विमानांचे बॉम्ब तर ढगांमुळे मागे शेतांत पडले. साडेसहाला सैनिक उतरले, तेव्हा शत्रूची बरीच ठाणी शाबूत होती. कित्येक बिनतारी संच पाण्यात गेले. जहाजावरून गोळा टाकावा, तर तो आपल्याच माणसांवर पडायचा!

अखेर काही विनाशिका, म्हणजे आकाराने लहान, चपळ युद्धनौका, पुढे सरसावल्या. पाणी इतके उथळ की तळ वाळूला टेकावा. तरी त्या किनाऱ्यापासून हजार यार्डांच्या आत शिरल्या. ‘कारमिक’ या विनाशिकेने तर नामी युक्ती केली. वाळूवरचे रणगाडे जिथे गोळे मारीत, तिथेच तिनेही नेम धरला. एकेक ठाणे गप्प होऊ लागले आणि जीव मुठीत धरून टेकाड चढणाऱ्या पायदळाला आधार मिळाला. चढाई पायदळाचीच, पण जवळून, पाहून डागलेल्या लहान तोफांनी जे साधले, ते पहाटे दुरून डागलेल्या मोठ्या तोफांना साधले नव्हते.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. सौभाग्यवती पाण्याकडे पाहत होत्या.

“इतक्या जवळ आलेली जहाजं किनाऱ्यावरच्या तोफांनाही दिसत असतील, नाही?”

मी नुसती मान हलवली. भरती चढू लागली होती.

रात्री धाकट्याचा फोन आला. “पाहिलंत का ओमाहा?”

“पाहिलं,” त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून, इतक्या वर्षांत प्रथमच, त्यांनी त्याला त्याच्या कामाविषयी विचारले, “तुझ्या जहाजाला किती जवळ जावं लागतं रे?”