मर्यादेचे भाष्य

जुन्या भाष्यकारांना हसणे ही अध्यापनातील एक सोपी युक्ती आहे आणि ती आम्ही अनेक वर्षे वापरली. तौलनिक साहित्याच्या तासाला 'शी-चिंग' हा ३०५ कवितांचा प्राचीन चिनी संग्रह आला, की आम्ही त्यातील तेविसावी कविता निवडत असू. रानात पांढऱ्या गवतात गुंडाळलेले मेलेले हरीण, वसंताची ओढ लागलेली तरुणी आणि तिला वश करू पाहणारा तरुण. शेवटच्या कडव्यात तरुणी त्याला सबुरीने घ्यायला सांगते, वस्त्राला हात लावू देत नाही. कुत्रा भुंकेल याची तिला धास्ती आहे.

मग आम्ही हान काळातील भाष्यांकडे वळत असू. माओ परंपरेची प्रस्तावना या कवितेचे तात्पर्य एका वाक्यात सांगते: 'ली'च्या अभावाविषयीचा तिरस्कार. 'ली' म्हणजे विधी, मर्यादा, औचित्य, सारेच. चंग श्वान (इ. स. १२७–२००) तपशील पुरवतो: मध्यस्थ नाही, रानहंस आणि रेशीम यांची भेट आलेली नाही, धाकदपटशाने विवाह उरकला जातो आहे; काळ शांग वंशाचा अखेरचा राजा चौ याचा. तिन्ही विधिग्रंथांवर भाष्य लिहिणाऱ्या पंडिताला प्रेमगीतातही हंस आठवावा, यावर वर्ग हसत असे. आम्हांला चिनी येत नाही. आमचा आधार आर्थर वेली यांचा १९३७ चा इंग्रजी अनुवाद. त्यांनी परंपरेचा क्रम मोडून कविता विषयवार लावल्या. भाष्याच्या ओझ्यातून कविता अशी मोकळी झाली, असे सांगून आम्ही तास संपवत असू.

एका वर्षी मागच्या बाकावरील विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण ती नको म्हणते आहे ना?"

आम्ही म्हणालो, "ती लाजते आहे."

"हे कवितेत कुठे आहे?"

कवितेत ते कुठेच नव्हते. ते आमचे भाष्य होते.

त्या रात्री चंग श्वानची ती रुक्ष यादी आम्ही पुन्हा वाचली. मध्यस्थ, हंस, रेशीम: बळजबरी आणि मुलगी यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या याच वस्तू होत्या. त्या मुलीचे मत विचारावे असे या 'ली'लाही वाटत नव्हते, हे खरे. दोष दूरच्या एका दुष्ट राजाच्या काळावर ढकलला की आपला काळ निर्दोष ठरतो, हेही खरे. संग्रहातील पहिल्याच कवितेतील प्रियाराधनाला याच परंपरेने राणीच्या सद्गुणांचे वर्णन ठरवले. ते आम्हांला आजही पटत नाही. परंतु या एका ठिकाणी त्या विधिनिष्ठ पंडिताला जी भीती ऐकू आली, तिला आम्ही आधुनिक वाचक लाडिकपणा समजत होतो.

आता भाष्ये दाखवण्याआधी आम्ही वर्गालाच शेवटच्या कडव्याचे भाष्य लिहायला सांगतो. वर्गात दोन तट पडतात. आम्ही मध्ये बोलत नाही.